पालीत एकच स

निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प बसावं, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणून निपाणीच्या विहारातून पाली शिकवायला येता का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. पाली मला येत नव्हती. पण बेळगावच्या एका शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं होतं, आणि संस्कृतवाल्याला पाली आपोआप येते असा माझा समज होता. असे समज मास्तरांना पेन्शनसोबत मिळतात.

टिळकवाडीत आमच्या शेजारी एक वकील राहतात. त्यांनी ऐकल्याबरोबर विचारलं, "पाली आपली की त्यांची?" आमच्याकडे कुठल्याही भाषेला आधी हेच विचारतात. बुद्धाच्या वेळची आहे म्हटल्यावर, "म्हणजे सीमावादाच्या आधीची," असं म्हणून ते निर्धास्तपणे पेपर वाचू लागले.

रविवारी विहारात पंधरा-वीस बाया जमल्या. बहुतेक विड्या वळणाऱ्या. काहींच्या हातात कन्नड लिपीतली वंदनेची पुस्तिका होती, काहींच्या देवनागरीतली. म्हणताना मात्र सगळ्यांचा सूर एक.

मी प्रस्तावना ठोकली. साध्या लोकांच्या जिभेला जोडाक्षरं जड जातात, म्हणून 'धर्म'चा 'धम्म' झाला, वगैरे. मग पुढे बसलेल्या साठीच्या बाईंना पंचशील म्हणायला सांगितलं. त्यांना सगळ्या आक्का म्हणत. आक्कांनी न अडखळता सुरुवात केली. पहिल्याच शीलात मी त्यांना थांबवलं.

"आक्का, सिक्खापदं नाही, शिक्षापदं. शहामृगातला श."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सर, ते संस्कृत झालं की. पालीत श न्हाय, पोटफोड्या ष बी न्हाय. एकच स हाय. भंतेजी आलतं पावसाळ्यात, त्यांनी शिकवलं."

श आणि ष यांतल्या फरकापायी मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं होतं. आणि इथे एवढं थोरलं साहित्य असलेली अख्खी भाषा त्या दोघांवाचून खुशाल नांदत होती.

आक्कांनी सहज पुढे विचारलं, "शाळंत मी 'न्हाय' म्हणलं की बाई हातावर पट्टी मारायच्या. अशुद्ध म्हणायच्या. मग भगवान बुद्ध साध्या लोकांच्या बोलीत बोलायचं, ते बी अशुद्धच व्हय?"

बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. वर्गात इतकं छोटं उत्तर मी कधीच दिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मला पट्टीचे ते फटके आठवत राहिले. मीही मारले होते, आणि चांगले मोजून. दुसऱ्या दिवशी पालीचं व्याकरण विकत आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

आता दर रविवारी आक्का म्हणतात, मी त्यांच्यामागून म्हणतो. मग शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितो, तेही त्यांनी मान हलवली तरच.

परवा बायकोने विचारलं, "कसं चाललंय तुमचं शिकवणं?"

"उत्तम," म्हणालो. खोटं न बोलण्याचं शील चौथं आहे. आमचे अर्थ अजून दुसऱ्या शीलापर्यंतच पोचलेत.