काकूंच्या पलंगावरची आमची गादी

आधी काकूंचं सांगतो, मग बाकीचं. काकू आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, आणि नावड्यातल्या आमच्यासारख्या घरापासून लांब असलेल्या पोरांना त्या भाकरी-चपातीचे डबे देतात. त्या नसत्या तर आज मी गावी असतो, लग्न होऊन. आणि तो कुठं असता, मला ठाऊक नाही.

तो म्हणजे माझ्यासोबत राहणारा. नाव लिहीत नाही. एवढं लिहितानाही दाराची कडी दोनदा बघून आलो. तो खारघरच्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, मी तळोज्यात एका कंपनीत पॅकिंगला आहे. घरच्यांच्या लेखी आम्ही रूम पार्टनर. काकूंनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. सुरुवातीला दोघांचे दोन डबे यायचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "दोन कशाला? येकच मोठा देते. खाता तर एकाच ताटात." त्या विषयावर आमचं बोलणं एवढंच.

माझं घर जातीचं पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. आठवीत शाळा सोडून मी अब्बांच्या हाताखाली बसलो. पण लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले, आणि घरात दोघांचं पोट भरेल एवढा धंदा उरला नाही. साडेतीन वर्षांपूर्वी निघालो तेव्हा अब्बांनी स्वतः भरलेली एक गादी गुंडाळून दिली. "कुठंही झोप, पण आपल्या कापसावर झोप." इथं आल्यावर सहा महिन्यांनी मी ती गादी उसवली. त्याचीही उसवली. दोन्हींचा कापूस एकत्र करून मोठ्या खोळीत भरला आणि दाभणानं टाके घातले. शाळेत कधी धड निबंध लिहिला नाही, पण ती गादी चांगली जमली होती.

मग अम्मीचा फोन आला. अब्बांना मोतीबिंदू झालाय, तिकडंच ऑपरेशन करून घे. पलीकडून अब्बा ओरडून म्हणाले, "आँख बनी की तेरे वास्ते लडकी देखने जाना है. अंधा आदमी क्या देखेगा?"

त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला आजही नीट माहीत आहे. आरडाओरडा नाही. त्यांनी माझी बॅग भरली असती, अम्मीनं अन्न सोडलं असतं आणि महिन्याभरात निकाह. त्याचा नंबर मी स्वतःच्या हातानं पुसला असता.

घाबरलेल्या माणसाला काय लपवायचं तेच कळत नाही. आम्ही एका पेल्यातले दोन ब्रश वेगळे केले. चपलासुद्धा लांब लांब ठेवल्या. मोठी गादी खाली काकूंच्या पलंगावर गेली आणि काकूंच्या दोन लहान गाद्या वर आल्या. एक त्यांच्या पुण्याला असलेल्या मुलाची, एक मालकांची.

"अब्बांना दिसत नाही ना? मग टेन्शन कशाला घेतोस?" तो म्हणाला.

अब्बा आले, हातपाय धुतले, नमाज झाली. मग माझ्या गादीवर बसून हात फिरवायला लागले. लोक पुस्तकाच्या पानावर फिरवतात तसा.  डोळ्यांसाठी सगळं लपवलं होतं, हातांचा विचारच केला नव्हता.

"मेरी गादी किधर है रे?"

"गॅलरीत भिजली, चाचा," त्यानं पटकन सांगितलं. "वास यायला लागला, म्हणून फेकली."

अब्बांनी पुन्हा गादी दाबून बघितली. "इसपे भारी आदमी सोता है. कमर दुखती होगी उसकी. तेरा वजन बढ्या क्या?"

माझं वजन बावन्न किलो. मी म्हणालो, "हौ अब्बा. कंबर दुखती है." आणि पुढचे सगळे दिवस काकूंच्या मालकांच्या कमरेची दुखणी मी चालवली. उठताना हाय-हाय करायचो. शेवटी अब्बांनीच हुकूम सोडला, "ओ मिस्त्री, जरा मलम चोळ इसकी कमर को."

त्यानं चोळलं. अब्बांच्या डोळ्यांदेखत, अब्बांच्याच सांगण्यावरून. तेवढाच काय तो त्याचा हात त्या दिवसांत मला लागला. एरवी अब्बांचं अंथरूण आमच्या दोघांच्या मधे असायचं. एका खोलीत राहून इतकं लांब राहता येतं हे मला माहीत नव्हतं. चहाचा पेला देताना तो बोट जरा जास्त वेळ ठेवायचा, बस. दुपारी कामावरून फोन करायचा. "बावीस मजले वर आलोय. तळोज्याचा धूर दिसतोय. त्यातला तुझ्या कंपनीचा कोणता?" मी म्हणायचो, "डावीकडचा." खरं तर इथून डावं-उजवं काय कळणार! पण तो म्हणायचा, "हां, दिसला."

चार दिवसांचं काम होतं. साखर वाढलेली निघाली, आणि ती उतरेपर्यंत डॉक्टर डोळ्याला हात लावेनात. काकू अब्बांसाठी वेगळी ज्वारीची भाकरी पाठवायला लागल्या. अब्बा त्यांना ताई म्हणायचे. त्याच्यावर तर ते फारच खूश. पहाटे नमाजाआधी वजूचं पाणी तोच काढून ठेवायचा. अब्बा एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ये छोकरा अपने में का रहता तो तेरी भैन के वास्ते पूछताच था मैं." मी संडासात जाऊन आधी हसलो, मग रडलो.

आता अब्बांना फुकटची भाकरी गोड लागेना. सुट्टीच्या दिवशी ते खाली जाऊन म्हणाले, "ताई, तुमची गादी काढा. पिंजून देतो."

"नको हो भाऊ, चांगली हाय."

"चांगली असूद्या. आणखी चांगली होईल. मला दुसरं काय येतंय?"

काकूंनी खूप आढेवेढे घेतले, पण अब्बांनी पलंगावर हात टाकलाच होता. आम्ही दोघांनी ती गादी गच्चीवर नेली. आपली गादी अशी उन्हात, बापासमोर, दोन टोकांना धरून नेताना आम्ही एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हतो.

अब्बांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "हा टाका आमच्यातला आहे."

 काकू जिन्यात उभ्या होत्या. "तुमच्या लेकानंच शिवून दिली," त्या म्हणाल्या; भिजल्याची थाप आम्ही त्यांच्या कानावर घातलेली होती. "त्याची भिजलेली गादी टाकून देत हुता. म्या वाळवली, माझ्या जुन्यात घातली."

अब्बांचा चेहरा खुलला. त्यांनी खोळ उसवली, मूठभर कापूस नाकाशी नेला. "हा आपला. हा दुसरीकडचा." दोन्ही वेगळे करायचा थोडा वेळ प्रयत्न केला. "नाही. आता वेगळा व्हायचा नाही."

"ऱ्हाऊ द्या मग," काकू म्हणाल्या.

मग अब्बांचा हात मधल्या दबलेल्या जागी गेला आणि तिथंच थांबला. दोन माणसं झोपतात त्या गादीला दोन खड्डे पडतात, मधे उंचवटा राहतो. एकटा माणूस मधे झोपला तर खड्डा अरुंद पडतो. हे त्यांनीच मला शिकवलेलं. आमच्या गादीला एकच खड्डा होता, मधोमध, आणि रुंद.

"ताई, मालकांना जाऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

"नऊ."

अब्बा हिशेब करत होते हे मला दिसत होतं. त्यांचा कापूस घरातून निघून साडेतीन वर्षं; म्हणजे दोघांचा हा खड्डा मालक गेल्यानंतरचाच. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की ते मिटलं.

"गादी तुमचीच ना?" अब्बांनी विचारलं.

"व्हय," काकू म्हणाल्या. "माझीच हाय."

पदर सारखा केला आणि त्या खाली गेल्या. अब्बांनी दोन छड्यांनी संध्याकाळपर्यंत कापूस झोडला, एकेक गाठ बोटांनी सोडवली, गादी भरली, शिवली. खाली नेऊन पलंगावर टाकली आणि म्हणाले, "झाली गादी, बाई."

ताई गेलं. बाई झालं.

साखर उतरली, ऑपरेशन झालं. मिस्त्रीच्याच मांडीवर डोकं ठेवून अब्बांनी डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि काळा चष्मा लावून गावी गेले. आठवड्यानं अम्मीचा फोन आला. "उस बाई का डब्बा बंद कर. अब्बा बोले, अच्छा घर नै." मुलगी बघायचं मी कमरेचं कारण सांगून पुढं ढकललंय. कंबर कुठवर पुरणार!

डबा मी बंद केला नाही. पण ते बोलणं काकूंना सांगून टाकलं, सांगायला नको होतं. त्या हसल्या. "मला आता कोन सोयरीक घेऊन येनार हाय?" दुसऱ्या दिवशी डबा हातात देताना मात्र म्हणाल्या, "खरंच तसं म्हनाले का रे? मानूस चांगला हुता."

गादी वर परत आली. अब्बांच्या हातची, एकसारखी, सपाट. पहिले काही दिवस आम्ही दोघं दोन कडांना झोपायचो. मधे जायला कुणीच धजावेना. आता पुन्हा मधे दबायला लागली आहे.

काकूंना मी साडी दिली असती, त्यांनी घेतलीही असती. पण साडीनं हे फिटणार नाही. एक दिवस मी अब्बांना इथं आणेन. आता त्यांना स्वच्छ दिसतं, तरी त्यांचा हात धरून त्या खड्ड्यावर ठेवेन आणि सांगेन, हा आमचा आहे. मग ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्या दिवशी खाली जाऊन ते काकूंना पुन्हा ताई म्हणतील, एवढं मी करणार आहे.