पूजेतली हर्ली

आयर्लंडमधल्या एनिसमध्ये राहायचं आणि हर्लिंगबद्दल मत नसायचं, म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याबद्दल मत नसण्यासारखं आहे. मला मत होतं. काठ्या घेऊन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि त्याला खेळ म्हणतात, हे ते मत. मी क्रिकेटचा माणूस. लेक रांगत होती तेव्हाच पुण्याहून तिच्यासाठी प्लॅस्टिकची बॅट आणून ठेवली होती. त्या बॅटनं ती बाहुल्यांना थोपटून झोपवायची.

आठ वर्षांची झाल्यावर तिनं शाळेतून येऊन जाहीर केलं, की वर्गातल्या सगळ्या मुली कमोगी खेळणार आहेत आणि तीसुद्धा. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग. मी नाक मुरडलं, बायकोनं डोळे वटारले, आणि त्या शनिवारी मी मुकाट्यानं दुकानात जाऊन हेल्मेट आणि सगळ्यात लहान मापाची हर्ली, म्हणजे त्या खेळाची काठी, घेऊन आलो.

तो वसंत अजून डोळ्यांसमोर आहे. ओलं मैदान, कडेला फ्लास्क घेऊन उभे आईबाप, आणि हेल्मेटखाली मान सांभाळत धावणारी आमची चिमणी. चेंडू हुकला तरी सगळे "गुड गर्ल!" ओरडायचे. माझं डोकं फिरायचं. हुकला त्यात गुड काय? पहिल्या सामन्यानंतर मी प्रशिक्षक बाईंना विचारलं, कोण जिंकलं? त्या म्हणाल्या, "या वयात आम्ही स्कोअर ठेवत नाही हो. पाऊस नाही आला, म्हणजे सगळेच जिंकलो." मी मात्र मनातल्या मनात स्कोअर ठेवत राहिलो. सवय कुठे जाते?

जमिनीवरचा चेंडू लेक बरा मारायची. पण हातातला चेंडू वर उडवायचा आणि खाली येता येता हर्लीनं टोलवायचा, हे काही तिला जमेना. चेंडू एकीकडे, हर्ली दुसरीकडे. "शी'ज ग्रँड, गिव्ह हर टाइम," एवढंच बाई म्हणायच्या.

जुलैत माझी आई कराडहून आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि लेकीला मराठी कळत असलं तरी तोंडातून निघत नव्हतं. पण दोघींचं अडलं नाही कधी. दर सामन्याला आई घडीच्या खुर्चीत, साडीवर माझं रेनकोटवजा जॅकेट चढवून, कानाला मफलर बांधून बसायची. एकदा चेंडू हुकल्यावर लेक रडवेली होऊन तिच्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, बिफोर यू गो आय'ल हिट वन. इन अ मॅच. प्रॉमिस."

"मार की," आई म्हणाली. "मी काय, हितंच हाय बसलेली."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात दोघी. एक उडवतेय, दुसरी शेजारच्यांच्या कुंपणाखालून चेंडू काढून देतेय. मला त्यात जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला आईचा हेवा वाटायचा.

मोसमातला शेवटचा सामना शनिवारी होता. आई बुधवारी जाणार होती. शुक्रवारी रात्री धो धो पाऊस झाला, मैदानात तळं साचलं आणि सामना रद्द झाल्याचा मेसेज आला. लेक दिवसभर जेवली नाही. रविवारी खंडेनवमी. आईनं सकाळी लवकर पूजा मांडली. कराडला विळी, कोयता, वडलांचे सुतारकामाचे पटाशी-रंधे मांडायची. इथे काय मांडणार? माझा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली सुरी आणि मधोमध लेकीची हर्ली. हळदकुंकू, अक्षता, गार्डन सेंटरच्या कुंडीतली झेंडूची फुलं. मी म्हटलं, लॅपटॉपवर कुंकू नको, तर म्हणाली, "त्याच्यावरच जगतोस न्हवं?"

आणि तेवढ्यात फोन वाजला. मैदान सुकलं होतं. अकरा वाजता सामना.

लेक हेल्मेट घालून देवघरासमोर येऊन उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, ते दसऱ्याला उचलायचं, हे आजीनं तिला सकाळीच मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं. मी म्हटलं, "बाईंच्या गाडीत जादा हर्ल्या असतात, त्यातली घेऊ." ती मान हलवून नाही म्हणाली. रडलीही नाही. नुसती आजीकडे बघत राहिली.

आईनं पदर खोचला, ओंजळीत अक्षता घेतल्या आणि हर्लीवर टाकल्या. मग हर्ली जागच्या जागी किंचित हलवली. "पुनरागमनायच," म्हणाली. "आता उचल."

"व्हॉट डज दॅट मीन?"

"जा आन् परत ये म्हनायचं. अक्षता टाकायच्या, हलवायचं, मंग सोडायचं. न्हाईतर देव अडकून पडतोय."

मैदानावर बाईंनी हर्लीवरचं कुंकू बघितलं आणि घाबरून लेकीची बोटं तपासली. मी पूजेचं सांगितलं, तर त्या हसल्या. त्यांची आजी सामन्याआधी हर्लीवर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायची म्हणे.

लेकीनं चेंडू दोनदा उडवला, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा लाकडाचा टणत्कार झाला. चेंडू गोलच्या उलट्या दिशेला, रेषेबाहेर, थेट आईच्या खुर्चीपाशी येऊन पडला. आई मफलर फेकून उभी राहिली. "लागला! आगं लागला की गं!" सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. मी पण ओरडत होतो. काय ते आठवत नाही, बहुतेक "गुड गर्ल."

आईनं पाहिलेला तो एकच मोसम. पुढे गुडघ्यांनी तिला कराड सोडू दिलं नाही, आणि दोन वर्षांनी ती गेलीच. लेक आता मोठ्या मापाच्या हर्लीनं खेळते. लहान हर्ली कपाटात आहे, मुठीवरचा लाल डाग तसाच.

पण त्या बुधवारी हे कुणाला ठाऊक होतं? शॅनन विमानतळावर सिक्युरिटीच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. मी नेहमीप्रमाणे पासपोर्ट, गोळ्या, बोर्डिंग पास असं करत होतो. लेकीनं जॅकेटच्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि टाचा उंचावून आईच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मग दोन्ही हातांनी आजीला धरून किंचित हलवलं.

"पुनरागमनायच," ती म्हणाली, अगदी एनिसच्या उच्चारात.

मी चरकलो. "अगं वेडे, ते देवाला करतात. माणसाला नसतं करायचं."

आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मंग आता मला यावंच लागंल की," म्हणाली, आणि केसांतल्या अक्षता न झटकता आत गेली.