थांबा आला की उठवते

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज लहान खोलीत मावत नाही. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून "पुढे सरका" म्हणायची सवय, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारीण डबा घेऊन येते. आणि मी शहाणीने याच बाईंना आमच्या पाळणाघरात मुलांना गोष्ट सांगून झोपवायच्या कामावर लावलं! मी तिथे स्वयंपाक करते. नाव सुचवताना मोठ्या तोऱ्यात होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

गोष्ट मात्र सांगावी ती त्यांनीच. त्यांची प्रत्येक गोष्ट बसमध्ये घडते. हत्ती मागच्या दाराने चढला की बस मागे कलते आणि सगळी मुलं धपाधप मागे पडतात. जिराफाची मान खिडकीबाहेर. सशाचा हट्ट, की मी मोठा आहे, मला अर्धं तिकीट चालणार नाही. मग जाऊबाई टाळूला जीभ लावून तिकिटाला भोक पाडल्याचा 'टक्' असा आवाज काढतात आणि गाद्यांवर नुसता धुमाकूळ. मी पदराला हात पुसत दाराशी उभी राहायची. वाघ बसमध्ये चढला त्या दिवशी तर माझा भात करपला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पण झोपेचं नाव नको. घरी जाताना मुलं आयांच्या खांद्यावर पेंगायची, किरकिर करायची. तक्रारी आल्या. पाळणाघराच्या बाईंनी जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं, की उद्या मुलं झोपली नाहीत तर परवापासून येऊ नका.

त्या संध्याकाळी जाऊबाई घरात हळू बोलल्या. निवृत्त झाल्यापासून त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या बसवर टीका करत दिवस काढत होत्या. या कामाने त्यांना पुन्हा चढायला गाडी मिळाली होती. ती सुटू नये म्हणून माझाच जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दुपारी त्यांनी एका गोगलगाईची गोष्ट काढली. संथ, सपक. मुलं टकामका बघत राहिली. शेवटी एकाने विचारलं, "मावशी, तुम्हाला बरं नाही का?"

जाऊबाईंनी गोगलगाय तिथेच सोडली. तेवढ्यात त्यांची नजर दाराशी गेली. तिथे आमची फौजदारीण बसली होती. चार वर्षांची पोर, पण आल्यापासून पायातले बूट काढायची नाही, दाराकडे तोंड करून पहारा द्यायची. बाकीची निदान कधीतरी आडवी व्हायची. ही कधीच नाही. आम्ही हट्टी म्हणून सोडून दिलं होतं. जाऊबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि प्रवाशाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्हाला उतरायचं कुठे?"

"आईपाशी."

"मग आत्तापासून दारात का?"

"मी झोपले आणि आई येऊन गेली तर?"

जाऊबाईंचा चेहरा असा उजळला की मी पातेलं खाली ठेवलं. कंडक्टरला हे सांगायला लागतं का? दमलेला प्रवासी एकच वाक्य म्हणतो, 'माझा थांबा आला की उठवा', आणि दुसऱ्या क्षणी घोरायला लागतो. झोपलेला एकही माणूस आपण थांब्याच्या पुढे नेला नाही, हा जाऊबाईंचा सगळ्यात मोठा अभिमान.

त्या उठून खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आजची बस लांबची आहे. वाघ पार पुढच्या थांब्यावर चढणार. प्रत्येकाने आपला थांबा सांगायचा आणि डुलकी काढायची. मी जागी आहे. थांबा आला की उठवते."

कोणी बाबा सांगितला, कोणी आजोबा, एकाने घरची मांजर सांगितली. प्रत्येकाला 'टक्' करून तिकीट मिळालं. मग जाऊबाई बसच्या इंजिनासारख्या नुसत्या घरघरत राहिल्या. एकेक डोकं उशीला टेकलं. फौजदारिणीने बराच विचार करून एक बूट काढला. दुसरा तसाच ठेवून ती झोपली.

सगळी झोपली! मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या, म्हणून मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. पाळणाघराच्या बाई चवड्यांवर आल्या, गादीगादीवर नजर टाकली आणि आल्या तशाच परत गेल्या.

संध्याकाळी फौजदारिणीची आई दारात आली. तिला हाताने थांबवून जाऊबाई आधी पोरीकडे गेल्या, तिच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. इतक्या वर्षांत त्यांची कुजबूज मी पहिल्यांदा ऐकली. "आईचा थांबा आला. सावकाश उतरा."

पोरीने डोळे उघडले. समोर आई होती. मला पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, दोन्ही बूट काढून मांडणीवर ठेवले, आणि जाऊबाईंसमोर तळहात पसरून म्हणाली, "एक आई द्या."