अनवाणी नवस

कापड विणायच्या लूमचा कारखाना बंद झाला तेव्हा मी तिथला मुकादम होतो. बऱ्हाणपुरात जी माणसं मला बघून बाजूला होत, तीच मग वाटेत गाठून विचारू लागली, "काय मुकादम, सध्या काय?" त्या प्रश्नाला मी फार भ्यालो. साखरेचा आजार जुनाच. गोळ्या संपल्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात हे ठाऊक होतं, पण तिथल्या रांगेत माझ्याच हाताखालचे कारागीर उभे असत, म्हणून गेलो नाही. बायकोनं विचारलं की "घेतली गोळी" म्हणायचो.

त्यात भर म्हणून इच्छादेवीला नवस बोललो, की काम लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. साखरेच्या माणसानं असलं काही बोलू नये, एवढं कळत होतं. पण आपण सोसल्याशिवाय देवीला पाझर फुटत नाही, हे लहानपणापासून मनात बसलेलं. रिकाम्या माणसाकडे द्यायला दुसरं होतं तरी काय?

एका मंगळवारी इच्छापूरला देवीच्या गडाच्या पायऱ्या चढत होतो. मागून एक म्हातारी ओरडली, "ओ भाऊ, हे रगत तुझं का?"

मी म्हटलं, "नाही माय, मला काही दुखत नाही."

तिनं मला खाली बसवून तळवा पाहिला. काचेचा तुकडा खोल रुतला होता. मला जाणवलाच नव्हता.

"दुखत नाही म्हणे! माझ्या घरवाल्यालाही दुखत नव्हतं. पाय कापला तेव्हा समजलं."

मी घाबरलो, आणि कोणाला न सांगितलेलं सगळं तिच्यापुढे बोलून गेलो. ती "येडा रे येडा" म्हणाली. मग तिनं स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि गडाकडे हात जोडले. "आई, याचा नवस आता माझा. याला काम लागेस्तोवर मी अनवाणी. याला मोकळं कर."

"माय, असं कसं?"

"लेकराचा नवस माय फेडते, त्यात काय? मी डोईफोडिया गावची. कापूस वेचायला जाते, वावरात काटे लय. तेव्हा लवकर बरा हो अन् कामाला लाग."

माझ्या टाचा बाहेर येत होत्या, तरी त्याच चपला घालून मी गड उतरलो. घरी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती रडली, रागावली, आणि सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात आली. खिडकीवरच्या माणसानं नाव लिहिताना कामधंदा विचारला. "सध्या काही नाही," मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणालो. मागून माझा जुना कारागीर बोलला, "मुकादम, इथं तुमचा हुकूम चालत नाही. गपचूप बसा, नंबर मी धरतो."

जखम सावकाश भरली. उभ्यानं करायचं काम करू नका, असं डॉक्टर म्हणाले. त्याच कारागिरानं कांड्या भरायचं काम सुचवलं. मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचं ते काम आमच्याकडे घरात बसून बायका करतात. एरवी मी तोंड फिरवलं असतं. पण माझ्यापायी कोणीतरी काट्यांतून चालत होतं. मी हो म्हटलं.

काम लागलं तसा तिच्याच मापाची नवी चप्पल घेऊन डोईफोडियाला गेलो. ती वावरात होती, अनवाणीच. तिनं माझ्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे पाहिलं.

"लागलं काम?"

"लागलं, माय."

"मग दे इकडे. किती वाट पाहायला लावली रे!"

बांधावर बसून ती चप्पल घालत होती, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. देवीला माझं सोसणं कधी नकोच होतं. मी कोणाचा तरी हात धरावा, एवढंच तिला हवं होतं. आता गोळी वेळेवर घेतो, आणि तीही नवसासारखीच, हात जोडून.