धुराची भाकरी

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगते. झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक म्हणतात. माझं काही गंगेला मिळत नाही, सगळं माझ्यापाशीच राहतं. आमचे हे अगदी उलटे. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच 'सॉरी' म्हणतात. "जाऊ दे गं," एवढंच त्यांना बोलता येतं. पण घरात एकानं तरी जाऊ न देणारं असावं लागतं.

सोलापुरात आमच्या घराला लागून टॉवेलचा कारखाना आहे. मध्ये हातभर बोळ. मी कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून उतरवली की गच्चीवर मोकळ्या हवेत उभी करून ठेवायची, म्हणजे ती कुरकुरीत होते आणि पुष्कळ दिवस टिकते. ह्यांची नोकरी गेली तेव्हापासून आमचं घर या भाकरीवरच चाललंय. एसटी स्टँडजवळचा एक दुकानदार माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची भाकरी ठेवत नसे. परगावी जाणारी माणसं त्याच्याकडून पुडे घेऊनच गाडीत बसायची.

लाइट गेली की कारखान्यात डिझेलचं मोठं इंजिन सुरू करतात. त्याच्या धुराचा पाइप पूर्वी कारखान्याच्या आवारातच निघायचा. मग मालकानं वर स्वतःचं ऑफिस बांधलं, एसी बसवला, आणि धुरानं आत डोळे चुरचुरायला लागले तसा पाइप फिरवून भिंतीतून आमच्या बोळात काढला. तोंड बरोबर माझ्या गच्चीच्या कठड्याशी. त्याच्या नाकाला नको म्हणून माझ्या नाकात. उन्हाळ्यात लाइट सारखी जाते, त्यामुळे दुपार दुपार माझ्या भाकऱ्या धुरात उभ्या राहायला लागल्या.

मी सांगायला गेले. नीट बोलायला गेले, भांडायला नाही. मालक माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणतो. खुर्चीतून न उठता म्हणाला, "अक्का, धूर काय बांधून ठेवता येतो व्हय? वारा न्हेईल तिकडं जातो. आन् वास कसला म्हणताय? मला तर काय येत न्हाय. तुमची चूल पेटती, तवा मी येतो का तक्रार करायला?" कामगार ऐकत होते. दोघंतिघं हसले. मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, जाऊ दे गं.

पुढच्या आठवड्यात दुकानदारानं माझा माल परत केला. "वहिनी, गिऱ्हाईक म्हणतंय, भाकरीला रॉकेलचा वास येतोय." मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला. खरंच येत होता. इतक्या वर्षांत माझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं हो. त्यानं माझ्यासमोर दुसऱ्या बाईचे पुडे काचेच्या कपाटात लावले. रिक्षात बसून मी घरापर्यंत रडत आले, आणि दारात पाय ठेवला तेव्हा ठरवून टाकलं की या माणसाला सोडायचं नाही. हात जोडायला माझ्या दारात आणीन, तेव्हाच गप्प बसेन.

लेक जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहते. तिच्या बिल्डिंगलाही असंच इंजिन आहे, पण त्याचा पाइप भिंतीला धरून पार गच्चीच्या वर गेलेला. जावयाला विचारलं, तर म्हणाले, "आई, नियमच आहे तसा. धूर आजूबाजूच्या छपरांच्या वर सोडावा लागतो. जुन्या इंजिनाला वर धूर गाळायचं यंत्रही लावायला सांगतात." म्हणजे बांधून ठेवता येतो तर धूर. मी त्याच दिवशी जावयाला घेऊन प्रदूषणाच्या ऑफिसात गेले आणि तक्रार देऊन आले.

साहेब तपासणीला आले तेव्हा मी पुतणीच्या लग्नाला करकंबला होते. परत आले आणि बघते तर काय, कारखान्याच्या पत्र्यावर चांदीच्या रंगाचा नवाकोरा पाइप उभा. उंच, वरचं तोंड पावसासाठी वाकवलेलं. त्याला झेंडूचा हार, लिंबू-मिरची, हळदीकुंकवाची बोटं. साग्रसंगीत पूजा करून नारळ फोडला होता म्हणे. साहेबांनी अंगणातूनच फोटो काढला आणि तक्रार मिटली म्हणून निघून गेले. शेजारणी म्हणाल्या, बघ, केलं की बिचाऱ्यानं.

त्याच दुपारी लाइट गेली आणि धूर जसाच्या तसा माझ्या कठड्याशी आला. मी गच्चीवरून वाकून बघितलं. तो चांदीचा पाइप दोन विटांवर नुसता उभा केला होता आणि तारेनं बांधला होता. खाली इंजिनाशी त्याचा काही संबंधच नाही. रस्त्यावरून दिसावा म्हणून उभा, बस. खालून कुणाला कळणार नव्हतं. माझ्या गच्चीवरून मात्र लख्ख दिसत होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. फसवायचं तर फसवायचं, आणि वर देवाला साक्षीला घ्यायचं!

ऑफिसात मी पुन्हा गेले. तिथला कारकून म्हणाला, तुमचं काम झालंय, फोटो आहे आमच्याकडे. मी पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. शेवटी नवीन आलेल्या एका मॅडमना गाठलं. "मॅडम, कारखान्यात नका जाऊ," म्हटलं. "माझ्या गच्चीवर चहाला या फक्त."

त्या आल्या. मालकाला कुणी सांगितलं कोण जाणे, पण तोही त्यांच्या मागोमाग जिना चढून आला. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच झालं. सकाळीच मी सगळ्या भाकऱ्या कठड्याच्या कडेनं, पाइपाच्या तोंडापुढे मांडल्या होत्या. वाया गेल्या तर जाऊ देत म्हटलं.

मालक लगेच सुरू झाला. "मॅडम, बघा की, नियमापरमानं पाइप वर न्हेलाय. खर्च केलाय, पूजा केलीय." मॅडमनी मान वर केली. तेवढ्यात पाइपाच्या वाकड्या तोंडातून एक साळुंकी भुर्रकन बाहेर आली आणि आत पिल्लांनी कलकलाट मांडला. महिनाभर मी त्या साळुंकीला कठड्यावर भाकरीचा चुरा घालत होते. घर सोडून जाऊ नये म्हणून.

मी मॅडमना चहा दिला आणि म्हटलं, "ज्या पाइपातून रोज धूर निघतो, त्यात पिल्लं जगतात का हो?"

मॅडमनी कप खाली ठेवला. मालकाकडे बघून म्हणाल्या, "इंजिन सुरू करा."

लाइट आहे, म्हणाला. माणूस रजेवर आहे, म्हणाला. डिझेल संपलंय, म्हणाला. मॅडम माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या आणि मी त्यांना दुसरा चहा दिला. शेवटी त्यानं फोन केला. इंजिन धडधडलं आणि काळा लोट बोळातून वर येऊन आम्हा तिघांच्या अंगावर, भाकऱ्यांवर पसरला. मॅडम खोकत जिन्याकडे गेल्या. वर चांदीच्या पाइपाला धुराची रेघसुद्धा नव्हती, साळुंकी परत येऊन पिल्लांना भरवत होती. मी जागची हलले नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं, आणि ते मी पोटभर बघितलं.

इंजिन बंद ठेवायचा आदेश आला. लाइट गेली की कारखाना गप्प. ऐकायला काय गोड वाटायचं! हे म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, अजून नाही, त्याला दारात येऊ दे.

आला. गच्चीवर ऊन उतरलं होतं. हात जोडून म्हणाला, "अक्का, पाइप खरा जोडून घेतो. गाळायचं यंत्रबी बसवतो. तवर तक्रार न्हाय म्हणून लिहून द्या, लई नुकसान होतंय."

मी गोड बोलले. "आधी बसा मालक. दोन घास खा." त्या दिवशीच्या धुरातल्या भाकऱ्या मी डब्यात घट्ट झाकून ठेवल्या होत्या, मुद्दाम त्याच्यासाठी. एक काढली, वर शेंगाचटणी आणि दही वाढलं. डबा उघडला तेव्हाच धुराचा भपका आला होता. याच घासासाठी मी इतके दिवस थांबले होते. आता याचं तोंड वाकडं होईल, हा थुंकेल, आणि मग मी विचारीन, कसला वास येतोय हो मालक?

त्यानं भाकरी मोडली. खाल्ली. चावत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले. त्यानं अख्खी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाला, "अक्का, झकास हाय. आन एक वाढा की."

मी म्हटलं, "वास नाही येत?"

"कसला?" त्यानं डब्यातली दुसरी भाकरी उचलून नाकाशी धरली आणि खरोखरच हुंगली. "चांगली हाय की. मी ल्हानपणापासनं इंजिनापाशीच वाढलोय, मला कसलाच वास कळत न्हाय, आमची ही बी म्हणती. पर चव लई भारी."

तो खोटं बोलत नव्हता, हे दिसत होतं. पहिल्या दिवशी वास येत नाही म्हणाला, तेही खरंच होतं. मी डबा बंद केला.

लिहून मी दिलं नाही. पाइप खरा जोडून माझ्या गच्चीच्या वर गेला, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, पिल्लं उडून गेल्यावर, तेव्हा दिलं. आता धूर येत नाही. दुकानदार मात्र त्या दुसऱ्या बाईच्याच भाकऱ्या ठेवतो, आणि मी आठवडी बाजारात बसून विकते. मालक रस्त्यात भेटला की अजून विचारतो, अक्का, तसली भाकरी पुन्हा कधी? धुराचं मी एक वेळ विसरेन. पण माझा सगळा सूड तो मिटक्या मारत खाऊन गेला, हे मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही.