वैलावरचा मॅग्नेटो

जुन्या मोटारींचं कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत. हल्ली त्यांची प्रदर्शनं भरतात. हार घातलेल्या, पुसून लखलखीत केलेल्या मोटारी रांगेने उभ्या असतात आणि त्यांचे मालक बॉनेट उघडून आतला एकेक भाग ‘ओरिजिनल आहे’ म्हणून दाखवत असतात. माझा नातू मला एकदा हौसेने तिथे घेऊन गेला होता. पेट्रोल, ग्रीस आणि तापलेल्या लाखेचा तो वास नाकात गेला मात्र, मी नाकाला पदर लावून मागे फिरले. त्याला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. मी म्हटलं, हो, ऊनच आहे, घरी चल.

आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचो. वडील वकील होते. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या पारशाकडून उघड्या टपाची मोटार विकत घेतली. ती माझ्याहून वयाने मोठी होती आणि मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते, यावरून काय ते समजा. वकिलाला मोटार हवीच, असं वडिलांचं म्हणणं. कोर्ट घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळे मोटार काढून, वळवून, लावेपर्यंत माणूस चालत जाऊन परतही आला असता. पण हे त्यांना कोण सांगणार? घरात त्यांना काही सांगायची पद्धत नव्हती.

या मोटारीचं सगळं दुखणं एका ठिकाणी होतं. तिला बॅटरी नव्हती. इंजिनात ठिणगी पाडायचं काम मॅग्नेटो नावाचं एक धूड करायचं. दिसायला नारळाएवढं, पण उचलायला गेलं की हात खांद्यातून निखळेल असं वाटायचं. पुढून हँडल मारलं की हा मॅग्नेटो फिरायचा, आणि ठिणगी पडली तर इंजिन चालू व्हायचं. ती बहुधा पडायची नाही. वडील घामाघूम होऊन हँडल मारत राहायचे आणि समोरच्या ओट्यावरचे म्हातारे अडकित्ते बाजूला ठेवून ती गंमत बघत बसायचे. मी खिडकी लावून घ्यायचे.

नवा मॅग्नेटो मिळायची सोय नव्हती, कारण असले मॅग्नेटो बनवणं बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. मिळायचे ते जुने. लढाई संपल्यावर कल्याणच्या पुढे, शहाडच्या बाजूला, लष्करी छावणीतला नको असलेला माल डिस्पोजलमध्ये विकायला निघाला होता. त्यातलं बरंच भंगार तिथल्या पत्र्याच्या शेडमधून वर्षानुवर्षं पडून होतं. वडिलांचा रविवार तिकडे जायचा. बरोबर डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ असायचे. हे मोटारीतले मोठे जाणकार. त्यांच्या स्वतःकडे साधी सायकल नव्हती आणि आमची मोटार दुरुस्त करायला ते दर खेपेस रेल्वेने यायचे. ‘ब्रिटिशांचा माल आहे वकीलसाहेब, मरत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असं म्हणून ते पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढायचे.

एकदा वडिलांनी मलाही तिकडे नेलं. ते दृश्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो. चिखलात पडलेले गंजके इंजिनांचे सांगाडे, त्यांतून गळलेलं काळं तेल, त्या तेलाच्या डबक्यात मरून फुगलेली एक घूस, आणि शेजारी उकिडवे बसून माझे वडील, ज्यांच्या कोटाला परीटघडी नसेल तर आईची धडगत नसायची, ते कोपरापर्यंत हात काळे करून ढिगातून मॅग्नेटो उपसत होते. दुकानदार सिंधी होता आणि खोटं बोलणारा नव्हता. वडिलांनी निवडलेला मॅग्नेटो हातात घेऊन तो म्हणाला, ‘साब, ये पानी के पंप का है. मोटर में चलेगा, ऐसा मैं नहीं बोलता.’ वडील माझ्याकडे बघून हसले आणि हळूच म्हणाले, ‘बघ, त्याला वस्तूची किंमतच कळत नाही.’

तो मॅग्नेटो मेथीच्या जुडीबरोबर एकाच पिशवीतून घरी आला. मेथी फेकावी लागली.

मग सुरू झाल्या परीक्षा. ठिणगी पडते का बघायला वडील मला तार धरायला लावायचे आणि डोंबिवलीचे गृहस्थ मॅग्नेटोला हिसका द्यायचे. झटका बसून मी किंचाळले की दोघे खूश व्हायचे. ‘आहे, आहे, जीव आहे,’ म्हणायचे. जीव माझा जायचा. पण तेही एक वेळ मी सोडून देईन. जे सोडून देता येत नाही, ते त्यांनी स्वयंपाकघरात केलं.

आमच्याकडे सोवळं कडक होतं. आई स्नान करून, सोवळ्याचं नेसून चुलीपाशी बसली की आम्हा मुलांनाही तिला शिवायची परवानगी नसे. चुलीला जोडून, तिच्याच धगीवर तापणारा वैल होता. त्यावर नुसत्या आचेने दूध तापत राहायचं, नैवेद्याचं वरण मुरायचं. पावसाळ्यात मॅग्नेटोतली तारेची गुंडाळी दमट होऊन ठिणगी पडेनाशी झाली. ती मंद आचेवर सुकवावी, असं डोंबिवलीहून फर्मान आलं. आई आणि मी देवळात गेलेल्या बघून वडिलांनी दुधाचं पातेलं खाली उतरवलं आणि तो मॅग्नेटो वैलावर ठेवला. कुठल्या कुठल्या माणसांनी, कुठल्या कुठल्या चिखलात हाताळलेला, घुशीच्या डबक्यातून वर आलेला. आम्ही घरी परतलो तेव्हा घरभर वास सुटला होता. गुंडाळीवरची लाख वितळून वैलाच्या कडेने ओघळली होती आणि खाली निखाऱ्यांवर चरचरत होती. उघड्या दुधाने तो वास पिऊन घेतला होता.

 आईने दूध मोरीत ओतलं, चूल उकरली, सारवली, पुन्हा सारवली, परत डोक्यावरून अंघोळ केली. वडील ओट्यावरून विचारत होते, ‘अगं, चहाचं काय झालं?’

आणि नशीब बघा, मोटार चालू झाली. वडिलांनी तिला कोलशेतपर्यंत फिरवून आणली. त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. माझं आजोळ कल्याणचं. तिथे मामाला, मामीला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना सांगून झालं की यापुढे आम्ही रेल्वेने येणार नाही, मोटारीने येऊ. आजी बिचारी भाबडी. तिला जावयाच्या मोटारीचा केवढा अभिमान.

आश्विनातली गोष्ट. सकाळी मामाचे शेजारी, जे ठाण्याला कचेरीत कामाला यायचे, ते कामावर जाता जाता दारात उभे राहिले. म्हणाले, ‘आजींना पहाटेपासून धाप लागलीय. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलवून घ्या. शुद्धीवर आहेत, ताईंचीच वाट बघतायत.’

आईने हातातलं तसंच ठेवलं आणि लुगडं बदललं. मी चपला घातल्या. स्टेशन जवळ, गाडी मिळाली की तासाभरात कल्याण. आई दारापाशी पोचली तर वडील हातात हँडल घेऊन उभे. म्हणाले, ‘कुठे निघालीस? दारात मोटार असताना सासुरवाडीला टांग्यातून उतरू का मी?’

‘अहो, वेळ नाही हो,’ आई म्हणाली.

‘वेळ नाही म्हणूनच मोटार.’

आई बसली. मी मागे बसले. हँडल मारून मारून बऱ्याच वेळाने इंजिन चालू झालं, आणि भिवंडीवरून वळसा घालून कल्याणला जायचं म्हणून आम्ही निघालो. वडील खुशीत होते. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की हॉर्न वाजवत होते. सासू अंथरुणावर आहे हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कुणाला कळलं नसतं.

कशेळीचा पूल ओलांडला आणि मोटार आचके देत थांबली. वडिलांनी बॉनेट उघडलं, मॅग्नेटोचं झाकण काढलं, कानशीने आत काहीतरी घासलं, हँडल मारलं. ठिणगी नाही. मग आपोआपच थोड्या वेळाने चालू झाली. पुढे जरा गेलो नाही तोच पुन्हा बंद. त्या दिवशी मला तिची खोड कळली. आतली ती वैलावर भाजलेली गुंडाळी गार असली की काम करायची आणि तापली की मरायची. म्हणजे जेवढं पळायचं त्याच्या दुप्पट रस्त्यात उभं राहायचं. आश्विनातलं ऊन, डोक्यावर टप नाही, आणि वडील तिला पंख्याने वारा घालत होते. मॅग्नेटोला. आईला नव्हे.

अशाच एका थांब्यावर झाडाखाली एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसची वाट बघत बसली होती. तिने आईचा चेहरा बघितला आणि विचारलं, ‘काय झालं गो बाय? कोन आजारी हाय का?’

आईने सांगितलं.

‘आन तू हितं बसलीस? बस येल आता. चल माझ्यासंगती, कल्यानची दुसरी बस मी दावते तुला.’

बस खरंच आली. आई मोटारीतून खाली उतरली. मी तिच्यामागून उतरले. वडिलांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘मासळीच्या पाटीशेजारी बसून जाणार? आणि तू पुढे पोचलीस, मी मागून रिकामी मोटार घेऊन आलो, तर तिथे माझी काय शोभा राहील? चालू होतेय आता, थांब जरा.’

‘बाबा, तिला जाऊ दे,’ मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कोळणीने बसच्या पायरीवरून हात पुढे केला होता. आई त्या हाताकडे बघत राहिली, मग वळली आणि मोटारीत जाऊन बसली. बस गेली. वडिलांचा राग तर मला येतच होता, पण त्या क्षणी मला शिसारी आली ती आईची. एवढं सोसून, एवढं सारवून, शेवटी तिथेच जाऊन बसायचं. मी कितीतरी वेळ तिच्या शेजारी बसले नाही, धुळीत उभी राहिले.

कल्याणला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामाच्या घरासमोर गर्दी नव्हती. अंगणात नुकतंच पाणी टाकलेलं होतं आणि मामी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिला बघूनच आईला कळलं. ती पायऱ्या चढली नाही, खालीच उभी राहिली.

‘नेलं हो वन्सं,’ मामी म्हणाली. ‘दुपारी गेल्या. तुमच्यासाठी थांबवून ठेवलं होतं बराच वेळ. पण दिवस मावळायच्या आत न्यायला हवं, म्हणाले सगळे.’

आई म्हणाली, ‘काही बोलली का?’

मामी रडायला लागली. ‘त्या म्हणत होत्या, कुणाला तरी स्टेशनवर पाठवा, ती रेल्वेने येईल. आम्हीच सांगितलं, नाही हो, मोटारीने येतायत, आता पोचतीलच. मग रस्त्यावर कसलाही आवाज झाला की विचारायच्या, मोटार आली का? शेवटपर्यंत तेच.’

आई ऐकत होती. आणि तिच्या पाठीमागे, फाटकाबाहेर, आळीतली मागे राहिलेली पुरुषमंडळी मोटारीभोवती जमली होती. दुखवट्याच्या घरी आलोय हे विसरून एकजण मडगार्डवरून हात फिरवत होता. वडिलांनी बॉनेट उघडलं होतं. त्यांचा आवाज अंगणात स्वच्छ ऐकू येत होता. ‘मूळचा जळला होता. हा डिस्पोजलमधून शोधून काढला मी. आता असा माल मिळत नाही. वाटेत थोडा त्रास दिला, पण आणलंन बरं का इथवर.’

एरवी परक्या पुरुषांसमोर आई मान वर करत नसे. तशीच, डोक्यावरचा पदरही न सावरता, ती फाटकापाशी गेली. माणसं बाजूला झाली. ती म्हणाली, ‘तुम्ही घरी जा. माझं तीन दिवसांचं सुतक फिटलं की मी रेल्वेने येईन.’

 वडिलांना खरोखरच काही कळलं नव्हतं. त्यांनी एक हात बॉनेटवर ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘रेल्वेने कशाला? अगं, आता चांगली चालायला लागलीय ती.’