मंदीतली आमची चालू मिल

धंदा जोरात असला की गप्पा मारायला टाइम कुणाला असतो! किस्से साठतात ते मंदीतच. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिली पटापट बंद पडून राह्यल्या होत्या, त्या दिवसांतले किस्से काढले तर चहा गार होईल, पण किस्से संपायचे न्हाईत. मी लेथवर होतो. भट्टीवर सलीमभाई, रोलिंगवर दगडू, गेटवर कचरूमामा. मिल रडतखडत चालू होती. गेट उघडं आहे तोवर यायचंच, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

*

मंदीत रजा कोणी घेईना. आपण न्हाई गेलो आन् तरी काम बराबर झालं, तर शेठच्या ध्यानात येईल ना! अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, माणूस गेटवर हजर.

दगडूचं लग्न निघालं, तिकडं तीर्थपुरीला. शेठनं स्वतःहून सुट्टी दिली. लग्न लागलं, आम्ही जेवून आलो, आन् दुसऱ्या दिवशी पाहतो तर पठ्ठ्या पहिल्या पाळीला उभा! अंगाची हळद पण गेली नव्हती.

शेठ म्हणाले, "अरे, कालच लग्न झालं ना तुझं?"

"शेठ, बायको कुठं जात न्हाई. नोकरीचं काय सांगता येतं!"

*

मंग आठवड्यातून तीनच दिवस भट्टी पेटायला लागली. आमची तोंडं उतरलेली, आन् सलीमभाई पेढ्याचा पुडा घेऊन आले.

माझं डोकंच फिरलं. "सहाचे तीन दिवस झाले, आन् तुम्ही पेढे वाटून राह्यले?"

"अरे बाबा, बाजूवाले मिल को ताला लग गया! अपने को तीन दिन तो मिले. खा चुपचाप!"

खाल्ला. खरं सांगतो, त्या दिवशी भट्टीपुढं घाम आला तर लई बरं वाटलं. हाताला काम होतं.

*

सगळ्या मिलीत बिनघोर माणूस एकच, कचरूमामा वॉचमन. आमचं रोज चालायचं, कोणाला काढणार, कधी काढणार. मामा खुर्चीवर मजेत तंबाखू मळत बसलेले.

दगडू चिडला. "मामा, तुम्हाला कशाचीच भीती कशी न्हाई हो?"

"मला कशाला भीती? मिल चालू असली तर वॉचमन पाह्यजे, आन् बंद पडली तर जास्तच पाह्यजे!"

त्या दिवसापासून जो तो मामाला चहा पाजायला लागला.

*

एक दिवस निरोप आला, शेठनं सगळ्यांना जल्दी बाहेर बोलावलंय. झालं! कोणी पुढं व्हायला तयार न्हाई. "आधी तू," "न्हाई, तू," करत कसेबसे गेलो.

शेठ म्हणाले, "गाडी चालू होईना. जरा धक्का मारा."

असा धक्का मारला म्हणता! गाडी कधीच चालू झाली, तरी आम्ही ढकलतोच आहोत. शेठ काचेतून ओरडले, "अरे, बस करा! चालू झाली!"

दगडू म्हणाला, "असू द्या शेठ, खुशीनं ढकलून राह्यलो!"

*

सलीमभाईंच्या नसरीनला परतूरहून स्थळ आलं. पोराचा बाप तिकडं एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. सगळं जमत आलं आन् निरोप आला, "एक बार काम की जगह देख लेते, फिर जबान देंगे." आन् आमची मिल तेव्हा महिना झाला ठप्प! लेकीचं जमता जमता मोडतं म्हणून सलीमभाईंना जेवण जाईना.

"मैं झूठ नहीं बोलूंगा," ते म्हणाले.

दगडू म्हणाला, "तुम्ही बोलूच नका. मिल आम्ही चालू करतो!"

पाहुणे यायच्या वेळेला भट्टीत जुनी पोती न् लाकडं कोंबली. चिमणीतून काळाभोर धूर! मी लेथ रिकामंच फिरवत होतो, दगडू घणानं लोखंड बडवून राह्यला होता. पाहुणे आत आले, आन् त्यांच्या मागोमाग शेठची गाडी!

आम्ही जागच्या जागी थिजलो. शेठनं धुराकडं पाह्यलं, सलीमभाईंच्या इस्त्रीच्या कपड्यांकडं पाह्यलं, पाहुण्यांकडं पाह्यलं. आन् एकदम खेकसले, "सलीमभाई, पाहुण्यांना चहा पाजा आन् लगेच भट्टीवर या! ऑर्डर खोळंबलीय!"

ऑर्डर कसली न् काय!

पाहुणा सगळीकडं फिरला. शेवटी सळयांच्या ढिगापाशी थांबला. दगडूला कुठं गप्प बसवतं! म्हणाला, "आत्ताच काढल्या बघा, भट्टीतून!"

कोणी अडवायच्या आत पाहुण्यानं सळईवर तळहात टेकवला. सळई गारढोण. त्यानं हात काही उचलला न्हाई. सलीमभाईंकडं बघून हसला.

"मुबारक हो, समधीजी! हमारी जिनिंग भी बिलकुल ऐसीच चल री!"